कुठे पडलं, ते कुणाला सांगायचं?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं, त्यात गोवाही होता. तेव्हापासून मिसाईल, गुप्तता आणि सेन्सॉरशिप यांवरची पत्रं थांबलेली नाहीत. पश्चिम आशियात काही पेटलं की ती दुप्पट होतात. बहुतेक प्रश्न तेच ते असल्यामुळे एकदाच एकत्र उत्तरं देतो. मी नौदलातल्या गनरी, म्हणजे तोफांच्या शाखेचा माणूस, आता निवृत्त. वकील नाही आणि सरकारचा प्रवक्ता तर मुळीच नाही. त्यामुळे कायद्याबद्दल मी लिहीन ते ढोबळ समजा. स्वतःवर वेळ आली तर वकिलाला गाठा.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगजवळ काही पडलं आणि मी फोटो फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर चालेल ना? ग्रुपमध्ये सगळे ओळखीचेच आहेत. (गृहिणी, चिखली)

नाही. मारा कुठे पडला हे शत्रूला कळलं की तो पुढचा नेम सुधारतो. ११२ ला फोन करा. फोटो काढलाच असेल तर तो फोनमध्ये राहू दे, पोलिसांनी किंवा अग्निशामक दलाने मागितला तर द्या. दीडशे माणसांच्या ग्रुपमध्ये सगळे ओळखीचे नसतात, आणि जे असतात त्यांचे मेहुणे नसतात. आणखी एक, न विचारता सांगतो : पडलेल्या तुकड्याला हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. न फुटलेला दारूगोळा कुणाच्या शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नव्हे.

प्रश्न : गोव्यात कोण कशाला मिसाईल टाकणार? इथे पर्यटकांशिवाय आहे काय? (शॅकमालक, कळंगुट)

तुम्ही मांडवी ओलांडून वास्कोकडे शेवटचे कधी गेला होतात? दाबोळी हा मुळात नौदलाचा विमानतळ, आयएनएस हंस. त्याच्या आसपास गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, इंधनाच्या टाक्या. नकाशावर हे सगळं एका मुठीत मावतं.

आणि ‘इथे कोण येतो’ असं १९४३ मध्येही लोकांना वाटत असणार. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून मुरगाव बंदरात ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन जहाज आणखी तीन जहाजांबरोबर युद्ध सुरू झाल्यापासून नांगर टाकून होतं. त्यातल्या लपवलेल्या ट्रान्समीटरवरून दोस्तांच्या जहाजांची ठिकाणं जर्मन पाणबुड्यांना कळतात, असा ब्रिटिशांचा दावा होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातली मंडळी बोटीतून आली, जहाजावर चढली आणि सकाळी बंदरात चार जहाजं जळत, बुडत होती. ही मोहीम ब्रिटनने तीसेक वर्षं झाकून ठेवली. ‘कुठे काय आहे’ ही खबर किती किमतीची असते ते मुरगावच्या पाण्याला विचारा.

प्रश्न : आज उपग्रह सगळं पाहतात. मग आम्ही फोटो टाकला काय नि न टाकला काय, शत्रूला कळायचं ते कळणारच. ही गुप्तता जुन्या जमान्यातली नाही का? (विद्यार्थी, पणजी)

हे पत्र इतक्या वेळा आलंय की त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.

चांगल्या व्यावसायिक उपग्रहाचं चित्र आज साधारण ३० सेंटिमीटरपर्यंतचा तपशील दाखवतं. पण तो उपग्रह तुमच्या डोक्यावर थांबलेला नसतो, त्याची फेरी येईल तेव्हाच चित्र मिळतं. जून ते सप्टेंबर आपल्या आभाळाची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात हे खरं, पण ते चित्र वाचायला कसबी माणूस आणि वेळ लागतो. शिवाय उपग्रहाला छप्पर फुटलेलं दिसतं. छपराखाली काय होतं, त्यातलं काय वाचलं, वीज गेली की चालू आहे, हे दिसत नाही. डागणाऱ्याला मात्र उत्तर पुढच्या फैरीच्या आधी हवं असतं. उपग्रह ते उद्या देईल. तुमचा फोन दोन मिनिटांत देतो, पाठीमागच्या दुकानाच्या पाटीसकट.

वरून दिसणं आणि जमिनीवर असणं यांतलं अंतर पाहायचं तर आपलीच दाबोळी घ्या. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी आपल्या हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी तिथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, नंतर आठ विमानांनी पुन्हा. इमारती आणि उभी असलेली दोन प्रवासी विमानं मुद्दाम वगळली होती. धावपट्टीचं काम झालं असं मानायला हरकत नव्हती. रात्री पोर्तुगीजांनी घाईघाईने डागडुजी केली, उरलेल्या लांबीवरून ती दोन्ही विमानं अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन अंधारात उडवली आणि कराची गाठली. त्या संध्याकाळी दाबोळीतल्या कुणी ‘धावपट्टी अजून चालते’ एवढं बाहेर कळवलं असतं, तर ती विमानं उडाली असती का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात लंडनवर रॉकेट पडली तेव्हा सरकारने ‘गॅसची पाइप फुटली’ असं सांगितलं म्हणे. हे धडधडीत खोटं बोलणं झालं. लोकशाही सरकारला हे शोभतं का? (निवृत्त शिक्षक, म्हापसा)

गुरुजी, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. जरा सविस्तर लिहितो. हा विषय माझ्या धंद्याचा आहे.

जहाजावरची तोफ पहिल्या फैरीत क्वचितच नेम साधते. गोळा पडतो, निरीक्षक पाहतो आणि सांगतो : पलीकडे पडला, अलीकडे पडला, डावीकडे इतका. तोफ तेवढी फिरवायची आणि पुन्हा डागायची. निरीक्षकाच्या त्या शब्दाला आम्ही करेक्शन म्हणतो. करेक्शन बंद झालं तर कितीही दारूगोळा असला तरी तोफ आंधळी. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानी युद्धनौकांनी रात्री द्वारकेवर तीनशेच्या वर गोळे डागले. आपल्या बाजूच्या नोंदीप्रमाणे बहुतेक गोळे मंदिर आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या मऊ मातीत रुतले. पाकिस्तानने मात्र तिथलं रडार उडवल्याचं सांगून जल्लोष केला. त्यांना करू द्यायचा. ‘अहो, रडार तर तिकडे आहे’ असं सांगायला धावणारा माणूस देशप्रेमी असला तरी त्या क्षणी शत्रूचा निरीक्षक असतो.

मिसाईलला तोफेपेक्षा डोकं जास्त, पण भूक तीच. दिशादर्शन बिघडवलं गेलं का, दहापैकी किती आत पोचली, कुठल्या दिशेने आलेलं अडवलं गेलं नाही, हे डागणाऱ्याला हवंच असतं.

आता लंडन. जून १९४४ पासून जर्मनांचे व्ही-१ हे उडते बॉम्ब यायला लागले. नाकावरच्या छोट्या पंख्याने अंतर मोजायचं, आकडा भरला की खाली झेपावायचं, अशी त्यांची रचना. नेम लंडनच्या मधोमध. प्रत्यक्षात बरेचसे अलीकडे, शहराच्या दक्षिणेला पडत होते. जर्मन विमानांना लंडनवर फिरून फोटो काढणं तेव्हा जवळपास अशक्य होतं, म्हणून त्यांची भिस्त हेरांवर. आणि ते हेर खरं तर ब्रिटिशांच्याच हातचे, दुहेरी हेर! त्यांतला स्पॅनिश पुजोल, टोपणनाव ‘गार्बो’, सगळ्यांत नावाजलेला. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी युक्ती सुचवली : लांब पडलेल्या बॉम्बची खरी ठिकाणं कळवायची, पण त्यांना वेळा जोडायच्या अलीकडे पडलेल्यांच्या. जर्मनांना वाटावं, आपला मारा पुढे जातोय. त्यांनी पल्ला आणखी कमी करावा. वर्तमानपत्रांवरही बंधनं होती, बातमीत ‘दक्षिण इंग्लंड’ एवढंच यायचं. नाहीतर हेराची थाप दुसऱ्या दिवशी मृत्युवार्तांच्या स्तंभात उघडी पडली असती.

पण पल्ला कमी झाला म्हणजे बॉम्ब हवेत विरघळले नाहीत, गुरुजी. मधल्या दाट वस्तीवरचे दक्षिणेकडच्या उपनगरांत आले. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला : कुणी मरायचं आणि कुणी जगायचं हे आपण कोण ठरवणार? जोन्स यांचे स्वतःचे आईवडील त्याच दक्षिण भागात राहत होते आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. व्ही-१ मुळे सहा हजारांवर माणसं गेली. युक्तीमुळे किती वाचली यावर अभ्यासक अजून भांडतात. मॉरिसन चुकले असं मी म्हणणार नाही. असा निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत एक तरी मॉरिसन हवा, एवढं नक्की म्हणेन.

तुमची गॅसची पाइप याच्या पुढची. ८ सप्टेंबर १९४४ च्या संध्याकाळी लंडनच्या चिझिक भागात पहिलं व्ही-२ रॉकेट पडलं, तीन माणसं गेली. सरकार गप्प. गॅसची मुख्य वाहिनी फुटल्याची कुजबुज सुरू झाली आणि कुणी ती खोडून काढली नाही. असे ‘गॅस’ रोजच फुटायला लागल्यावर लंडनकर त्यांना उडत्या गॅसपाइपा म्हणू लागले. ८ नोव्हेंबरला जर्मनांनीच जाहीर केलं, तेव्हा १० तारखेला चर्चिल संसदेत बोलले. दोन महिने! ही गुप्तता मला लांबलेली वाटते. एक गोष्ट मात्र विसरू नका : व्ही-२ आवाजापेक्षा वेगाने यायचं, त्याचा भोंगा वाजवणं शक्यच नव्हतं. सरकारच्या मौनाने कुणाची सूचना हिरावली गेली नाही. व्ही-१ साठी भोंगे होते आणि ते वाजत राहिले.

तेव्हा शोभतं का या प्रश्नाला माझं उत्तर : ठिकाण न सांगणं शोभतं, काही तास, फार तर काही दिवस. पाइप फुटली असं लोकांना वाटू देणं शोभत नाही. गप्प बसलेल्या सरकारवर लोक पुढच्या वेळी विश्वास ठेवतात, खोटं खपवू देणाऱ्यावर ठेवत नाहीत. बाकीचं तुमच्याकडच्या इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोला; त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ असतो.

प्रश्न : जागा गुप्त ठेवायची म्हणजे आम्हाला सावधही करणार नाहीत का? आमच्या भागात अमोनियाच्या टाक्या आहेत. (कामगार, झुआरीनगर)

नाही, तसं नाही. तुमचा प्रश्न या ढिगातला सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

धोक्याची सूचना ही त्या भागातल्या माणसांसाठी असते, माऱ्याची बातमी जगासाठी. पहिली रोखायचा अधिकार कुणाला नाही. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला होता तेव्हा लोकांना झोपेतून उठवून घराबाहेर काढावं लागलं होतं. तिथे कारण सांगत बसायची गरज नसते. वारा कुठे वाहतोय आणि कुठल्या बाजूला निघायचं, एवढं सांगितलं की पुरे. अमोनियात ओलं फडकं तोंडाला आणि वाऱ्याला आडवं चालणं. तुमच्या कारखान्याचा आपत्कालीन आराखडा असतो. तो सुरक्षा अधिकाऱ्याकडे मागा, वाचा, समजला नाही तर पंचायतीतून जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. आजच विचारा. भोंगा वाजल्यावर आराखडा शोधणाऱ्यांना मी काही उपदेश करत नाही.

प्रश्न : ४९९ रुपयांत ‘मिसाईल अलर्ट’ ॲप मिळतं. घ्यावं का? (दुकानदार, मडगाव)

नको. केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप फुकट आहे. भोंग्याचा आवाज रिंगटोन म्हणून विकणारेही निघालेत. मे २०२५ मध्ये वाहिन्यांनासुद्धा कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका असं सांगावं लागलं होतं, कारण खऱ्या भोंग्याला लोक उठेनासे होतात. पाचशे रुपयांचे टॉर्चचे सेल आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन घ्या.

प्रश्न : मुरगाव बंदरावर हल्ला झाल्याची क्लिप माझ्याकडे तीन जणांनी पाठवली. सरकार लपवतंय का? (वाचक, डिचोली)

डिचोलीहून वास्कोला फोन लागतो. लावून बघायचा होता.

मे २०२५ मध्ये अशीच गुजरातच्या हझिरा बंदराची क्लिप फिरत होती. ती एका टँकरच्या जुन्या स्फोटाची निघाली. जालंधरवरचा ड्रोन हल्ला म्हणून फिरलेली आग शेतातली होती. बैरूतच्या २०२० च्या स्फोटालाही त्याच आठवड्यात पाकिस्तानी मिसाईल बनवलं गेलं. पत्र सूचना कार्यालयाचा फॅक्ट चेक विभाग आहे, तिथे पाठवा. तीन जणांनी पाठवली म्हणजे तीन पुरावे होत नाहीत, तिघांनी एकाच काकांकडून घेतलेली असते.

प्रश्न : आमच्या गच्चीवरच्या सीसीटीव्हीत धावपट्टीकडची बाजू दिसते. सगळे सभासद मोबाईलवर पाहू शकतात. काही अडचण? (सोसायटी सचिव, दाबोळी)

आहे, आणि मोठी. जानेवारी २०२४ मध्ये किव्हवर मारा चालू असताना रशियन हेरखात्याने राहत्या इमारतींवरचे दोन कॅमेरे दुरून ताब्यात घेतले, त्यांतल्या एकाचा कोन फिरवला आणि हवाई संरक्षण कुठून गोळे सोडतंय ते थेट पाहिलं, असं युक्रेनच्या सुरक्षा सेवेने सांगितलं. सोसायटीचेच कॅमेरे, तुमच्यासारखे. चोर येईल म्हणून बसवलेले.

कॅमेरा बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड अजून तोच असेल, पैज लावतो. तो आज बदला. कॅमेरा आवारावर वळवा, आभाळाकडे आणि धावपट्टीकडे नको. इंटरनेटवरून पाहायची सोय खरंच हवी का ते बैठकीत ठरवा. चोराचं रेकॉर्डिंग ऑफिसातल्या पेटीत राहिलं तरी पोलिसांना पुरतं. बसवणारा ‘साहेब, क्लाउड प्लॅन घ्या, सेफ आहे’ म्हणेल, कारण त्याला दर महिन्याला पैसे मिळतात. नौदलाच्या हद्दीजवळ काय चालतं नि काय नाही, हे वास्को पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे म्हणून जुना समजू नका, तो चालू आहे.

प्रश्न : मी एका छोट्या पोर्टलसाठी बातम्या देतो. अशा वेळी नेमकं काय छापायचं? (वार्ताहर, फोंडा)

टीव्हीवाल्यांसाठी नियम स्पष्ट आहे : केबल टीव्ही नियमांतलं कलम ६(१)(पी). दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याच्या वेळोवेळीच्या माहितीवरच समाधान मानायचं. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याचीच आठवण देत कारगिल, कंदाहार आणि २६/११ चे दाखले दिले. २६/११ ला पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्या पाहून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल खडे बोल सुनावले. तुमच्या पोर्टलला वेगळे नियम लागू होतात, पण कारण तेच.

मला युक्रेनची पद्धत पटते. २०२२ मध्ये तिथल्या सैन्याने पत्रकारांना तासांत सांगितलं : नागरी ठिकाणावरच्या माऱ्याचं चित्र ३ तासांनी, लष्करी ठिकाणाचं १२ तासांनी. बंदीला मुदत असली की संपादकही ती पाळतो. आपल्याकडे असं घड्याळ नाही, म्हणून कधी सगळंच दाबलं जातं आणि कधी सगळंच फुटतं.

तोवर व्यवहार असा ठेवा. माणसांचं छापा : किती जखमी, कुठल्या रुग्णालयात रक्त हवं, निवारा कुठे. जागेचं छापू नका : रस्त्याचं नाव, दुकानाची पाटी, मंदिराचा कळस, चर्चचा मनोरा, खड्ड्याची खोली, किती वाजता. ‘मुरगाव तालुक्यात’ पुरे. मृताचं नाव घरच्यांना कळवल्याशिवाय मुळीच नको. आणि खोटी निघालेली खबर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत नेऊ शकते. संपादकाने सांगितलं होतं ही सबब चालणार नाही. वकिलाचा नंबर युद्धाआधी जवळ ठेवावा, पोलीस नोटीस घेऊन आल्यावर नव्हे.

प्रश्न : मुलगा अबू धाबीत असतो. तिकडे काही झालं की मी त्याला व्हिडिओ पाठवायला सांगते, म्हणजे माझा जीव भांड्यात पडतो. तो ‘आई, नको’ म्हणतो. (आई, साखळी)

मुलगा शहाणा आहे, बाई. त्याचं ऐका.

१७ जानेवारी २०२२ ला अबू धाबीवर येमेनच्या हुथी बंडखोरांनी हल्ला केला, तीन माणसं गेली, त्यांतले दोन भारतीय. पुढच्या हल्ल्यात मिसाईल आकाशातच अडवल्याचे व्हिडिओ पसरवणाऱ्यांना तिथल्या सरकारी वकिलांनी बोलावून घेतलं. अफवा आणि सायबर गुन्ह्यांचा त्यांचा २०२१ चा कायदा कडक आहे. नोकरी आणि व्हिसा दोन्हीवर गदा येऊ शकते, आणि तिकडे ‘आईला पाठवला’ हे कारण कुणी ऐकून घेत नाही. त्याला म्हणा, ‘बरा आहे’ एवढे दोनच शब्द पाठव. भारतीय दूतावासात नोंदणी केली आहे का ते विचारा. दोन दिवस संपर्क झाला नाही तर पणजीतल्या अनिवासी गोमंतकीयांच्या कार्यालयात जा, पासपोर्टची झेरॉक्स घेऊन. शेजाऱ्याच्या सल्ल्यावर एजंटाला पैसे देऊ नका.

प्रश्न : शत्रूपासून लपवायचं नाव करून सरकार स्वतःचं अपयश आपल्यापासूनच लपवत असेल तर? (वकील, म्हापसा)

लपवतात. सगळीच लपवतात.

जून २०२५ च्या बारा दिवसांच्या युद्धात इस्रायलच्या लष्करी सेन्सॉरने इराणी मिसाईल जिथे पडली तिथून पूर्वपरवानगीशिवाय प्रक्षेपण करायला मनाई केली. नागरी वस्तीतली पडझड, बीरशेबाचं सोरोका रुग्णालय, हे जगाने पाहिलं. पाच लष्करी तळांवरही मारा बसला होता हे मात्र जुलैमध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राने अमेरिकन विद्यापीठातल्या रडार-उपग्रहांच्या विश्लेषणावरून छापलं. म्हणजे शेवटी कळलं बाहेरच्यांकडून. युद्ध थांबल्यानंतर इराणला न कळणारं त्यात काय उरलं होतं? तिथल्या करदात्याला मात्र आपली ढाल कुठे फाटली हे कळायला हवं होतं.

आपल्याकडे दोन्ही नमुने आहेत. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर आला. संवेदनशील भाग काळे केले होते, पण आला. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यातल्या चौक्यांवरचे बहुतेक जवान आता हयात नाहीत. तोफांचा पल्लाही बदलला. त्यात आता कुणाची सुरक्षा आहे, हे मला नौदलात असतानाही कुणी पटवून दिलं नाही.

माहिती अधिकाराने काम होईल असं समजू नका. कलम ८(१) मध्ये संरक्षणाला सूट आहे. वीस वर्षांनी माहिती खुली करा असं ८(३) म्हणतं खरं, पण ही सूट तिथेही कायम राहते, हे वकील असून तुम्ही मला विचारता? तरी अर्ज करा. नकार लेखी मिळतो, त्यावर अपील होतं, आणि आमदार-खासदारांना तो कागद दाखवता येतो. माझी सूचना एवढीच आहे : लढाई चालू असताना ‘कुठे पडलं’ विचारू नका, ती थांबल्यावर महिन्याभरात, मोठ्याने, ‘का अडवलं नाही’ हे विचारा. आपण नेमकं उलटं करतो. मारा चालू असताना शंभर प्रश्न, आणि नंतर विजयाची मिरवणूक.

प्रश्न : मारा झालेली जागा जाहीरच झाली नाही तर घराच्या विम्याचा दावा कसा सिद्ध करायचा? (निवृत्त बँक कर्मचारी, वास्को)

आधी पॉलिसी उघडून वाचा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती हे बहुतेक वेळा वगळलेलंच असतं, गाडीच्या पॉलिसीतही. ‘सगळं कव्हर आहे’ असं तोंडी सांगणाऱ्या एजंटाकडून तेच वाक्य लिहून मागा, गंमत बघा. सरकारी मदतीसाठी मात्र पंचनामा लागतो : तलाठी, मामलेदार कार्यालय, पोलीस. तेव्हा घराचे फोटो जरूर काढा, आतून-बाहेरून, आणि ते मामलेदारांच्या हातात द्या, फेसबुकवर नव्हे. जीवन विम्याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. कंपनीला लेखी विचारा.

प्रश्न : माझा भाऊ तारवटी आहे. त्यांचं जहाज धोक्याच्या पाण्यातून जाताना ऑनलाइन नकाशावरून गायब होतं. घाबरायचं का? (वाचक, पेडणे)

नाही. बहुधा कप्तानाने ठिकाण सांगणारं यंत्र मुद्दाम बंद केलेलं असतं. जिवाला धोका असेल तर तशी मुभा असते. कंपनीच्या गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या कार्यालयाला विचारा. जहाज आता कुठे असेल याचे अंदाज कुटुंबाच्या ग्रुपवर बांधू नका.

प्रश्न : दाबोळीवर उतरताना खिडकीची झडप खाली करायला सांगितलं तर केलीच पाहिजे का? पोरांना समुद्र बघायचा असतो. (वाचक, बांबोळी)

सांगितलं तर करा. तिथे फोटोही काढू नका. समुद्र बोगमाळोच्या किनाऱ्यावरून फुकट दिसतो.